टीएसएच वाढलाय, गोळी सुरू करायची का? (सोसायटी ग्रुप, विश्रामबाग, सांगली)

सेक्रेटरी: रविवारच्या तपासणी शिबिराचे रिपोर्ट आलेत. वॉचमनकडे ठेवलेत, आपापले घेऊन जाणे. दुसऱ्याचं पाकीट उघडू नये ही विनंती.

शुभांगी (ए-२०३): माझा थायरॉईडचा टीएसएच ६.८. पुढं ठळक अक्षरात 'हाय' लिहिलंय. वय ४१. आता जन्मभर गोळी का?

जाधव वहिनी: माझाही ५.९ 😟 माझ्या बहिणीची अशीच सुरू झाली, ती अजून चालूच आहे.

पाटील काका (बी-१०१): माझा ६.२ हाय. वय ७४. पण मला काय बी होत न्हाई ओ. रोज आमराईत चार फेऱ्या असतात.

रोहित (सी-१०२): फॉरवर्डेड: रोज धण्याचं पाणी प्या, २१ दिवसांत थायरॉईड मुळापासून गायब! गोळ्या कचऱ्यात टाका!!

विद्याताई (सी-३०४): रोहित, ते आधी काढ बघू. कुणीतरी खरंच गोळी बंद करून बसेल.

(रोहित यांनी हा मेसेज डिलीट केला)

शुभांगी: विद्याताई, तुम्हीच सांगा. मिरजेच्या लॅबमध्ये तुमचं आयुष्य गेलंय.

विद्याताई: निदान डॉक्टरांनी करायचं, मी आकडा वाचायला शिकवते. टीएसएच हे हार्मोन गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीतून येत नाही, मेंदूखालच्या पिट्यूटरीतून येतो. पोरगं ऐकेना की आई आवाज चढवते, तसं ग्रंथी मंदावली की टीएसएच चढतो. पण पोरगं खरंच काम करतंय का, हे एफटी४ वरून, म्हणजे ग्रंथीच्या स्वतःच्या हार्मोनवरून कळतं. आपल्या पॅकेजात ती तपासणीच नव्हती.

विद्याताई: एफटी४ नॉर्मल आणि टीएसएच साधारण ४ ते १० च्या मधे, याला सबक्लिनिकल म्हणतात. अशा एका रिपोर्टवर सहसा गोळी लावत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी परत करायचं, एफटी४ आणि अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडीजची तपासणी) धरून. बऱ्याच जणांचा तोवर आपसूक खाली आलेला असतो. १० च्या वर राहिला तर मात्र डॉक्टर बहुधा गोळी देतातच.

जाधव वहिनी: अँटी-टीपीओ कशाला? परत खर्च.

विद्याताई: पुढं धोका किती ते त्यावरून कळतं. इंग्लंडात व्हिकम भागातल्या लोकांवर वीस वर्षं लक्ष ठेवलं होतं, निष्कर्ष १९९५ मध्ये आले. ज्या बायकांचा टीएसएच वाढलेला आणि अँटीबॉडीजही होत्या, त्यांच्यात दरवर्षी शंभरात चारेक जणींचं थायरॉईड खरंच कमी पडलं. दोन्हींपैकी एकच असेल तर दोन-अडीच. म्हणजे घाबरायचं नाही, पण वर्षातून एकदा तपासायचं.

पाटील काका: आणि माझं काय? म्हाताऱ्याला कोण विचारतंय 😀

विद्याताई: काका, वय वाढलं की टीएसएच थोडा चढतोच. तुमच्या वयाला ६.२ म्हणजे आजार असं म्हणता येत नाही. २०१७ साली युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत ६५ च्या वरच्यांना अशा आकड्यावर गोळी देऊन बघितली. वर्षभरानंतर थकवा आणि बाकी लक्षणं, गोळी घेणाऱ्यांची आणि न घेणाऱ्यांची सारखीच. उलट गोळी जास्त झाली तर म्हातारपणी ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात.

शुभांगी: मी केसांसाठी बायोटिन घेते. त्यामुळं वाढला असेल का?

विद्याताई: नाही. बायोटिननं काही मशीनवर टीएसएच खोटा कमी दिसतो, वाढलेला नाही. तरी पुढच्या वेळी दोन दिवस आधी बंद ठेव आणि लॅबला सांग. सॅम्पल सकाळी दे, टीएसएच दिवसभरात खालीवर होतो.

स्नेहल (ए-४०१): दिवस राहिलेले असतील तर?

विद्याताई: मग दोन-तीन महिने थांबायचं नाही, लगेच डॉक्टरांना फोन. तिथं हिशोबच वेगळा. प्रयत्न चालू असतील तरी आधीच सांगायचं.

जाधव वहिनी: बहिणीचा गोळी घेऊनही कमी येत नाही हो. डोस वाढवतच चाललेत.

विद्याताई: कशाबरोबर घेते?

जाधव वहिनी: सकाळच्या चहाबरोबर. लगेच कॅल्शियम आणि लोहाची.

विद्याताई: मग कशी लागू पडेल! उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, चहा अर्धा-एक तासानं. कॅल्शियम, लोह चार तासांनी. हे डॉक्टरांच्या कानावर घालायला सांगा; डोस तोच ठेवून नीट शोषली तर जास्तच व्हायची. पुढची तपासणी सहा-आठ आठवड्यांनी, त्याआधी काही कळत नाही.

रोहित: ताई, सैंधव मीठ चालतं ना?

विद्याताई: त्यात सहसा आयोडीन घातलेलं नसतं. घरातलं सगळं मीठ तेच करू नका. आणि आयोडीनचे थेंब वगैरे मनानं घेऊ नका, जास्त झालं तरी ग्रंथी बिघडते.

पाटील काका: म्हणजे माझं मटण चालू?

विद्याताई: टीएसएचचं त्याला काही नाही. रिपोर्टचं दुसरं पान उघडा, कोलेस्टेरॉल किती आलंय ते टाका इथं.

पाटील काका: दुसरं पान सापडंना झालंय.