आई-बाबांची ग्रुप टूर आणि त्यापुढच्या आठ रात्री आमच्यासोबत

नमस्कार मंडळी,

आई-बाबा जूनमध्ये भारतातून ग्रुप टूरने युरोपला येताहेत. पॅरिस, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम, मग जर्मनीतून स्वित्झर्लंड, इन्सब्रुक, व्हेनिस, फ्लोरेन्स आणि शेवट रोम. आम्ही मुलांना घेऊन रोमला त्यांना गाठणार आणि पुढच्या आठ रात्री सगळे एकत्र राहणार, असा बेत आहे. मुलांना स्वित्झर्लंड बघायचंय, म्हणून रोमहून विमानाने झुरिक असं डोक्यात आहे. टूर कंपनी म्हणते, आधी बुकिंग करा, व्हिसाचं नंतर बघू. असं कोणी केलंय का? बाबा बहात्तरचे आहेत, आईचे गुडघे दुखतात.

----

ताई,

व्हिसाचं नंतर ठेवू नका. सगळा बेत त्यावरच अडतो, आणि कंपन्या हे आपणहून सांगत नाहीत.

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हे सर्वांत जास्त मुक्काम कुठे यावर ठरतं. मुक्काम सारखेच असतील तर प्रवेशाचा पहिला देश. तुमच्या टूरमध्ये समजा स्वित्झर्लंडच्या चार रात्री, इटलीच्या तीन, आणि बाकी देशांच्या त्याहून कमी. मग कंपनी अख्ख्या ग्रुपची फाइल स्वित्झर्लंडकडे देणार. पण तुम्ही पुढच्या आठही रात्री इटलीत काढल्या, तर आई-बाबांच्या इटलीच्या रात्री अकरा होतात आणि त्यांचा अर्ज इटलीकडे जायला हवा. मग त्यांची फाइल ग्रुपपासून वेगळी निघते, अपॉइंटमेंटही वेगळी. म्हणून वाढीव दिवस बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, आणि फाइलमध्ये पूर्ण प्रवास दाखवा, तुमच्या हॉटेलांच्या बुकिंगसकट. टूरपुरता व्हिसा काढून पुढे राहायचं, असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. स्टिकरवरच्या तारखांनी बरेच जण फसतात. तिथे सहसा 15 दिवस जास्तीचे दिलेले असतात, पण ते प्रवास पुढे-मागे सरकला तर उपयोगी पडावेत म्हणून. प्रत्यक्ष राहायचं ते ‘ड्युरेशन ऑफ स्टे’खाली छापलेल्या आकड्याइतकंच.

विम्याचंही तसंच. किमान 30,000 युरोंचं कव्हर लागतं आणि ते शेवटच्या दिवसापर्यंत हवं. ग्रुपची पॉलिसी बहुधा टूरबरोबर संपते, ती वाढवून घ्या. परतीचं तिकीट ग्रुपचं असेल तर तारीख आणि शहर बदलण्याला कंपनीच्या भाषेत ‘डेव्हिएशन’ म्हणतात. ते तिकीट निघायच्या आधीच होतं, नंतर फार अवघड.

आता रस्त्याचं. रोमहून झुरिकला विमानाने जाऊ नका. दोन विमानतळांची धावपळ होते आणि आई-बाबा परत टूरमध्ये पाहिलेल्याच भागात जातात. माझं ऐकाल तर रोमहून ट्रेनने मिलान, तिथून तासाभरावर कोमो सरोवराच्या काठी व्हारेन्ना. तिथे तीन रात्री. मग त्याच लाइनवर पुढे तिरानो, इटलीतलं स्विस सीमेजवळचं गाव. तिरानोला बर्निना रेल्वे सुरू होते, आणि माझ्या मते आई-बाबांसोबत बघण्यासारखी याहून चांगली गोष्ट आल्प्समध्ये नाही. ब्रुसियोला गाडी दगडी पुलाच्या कमानीखालून जाते आणि गोल फिरून त्याच पुलावरून वर निघते. रुळांमध्ये दात्यांची पट्टी (रॅक) नसताना नुसत्या चाकांच्या पकडीवर ती 2,253 मीटरवरच्या ओस्पित्सिओ बर्निनापर्यंत चढते. या रेल्वेला 2008 साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आई-बाबांना एक पाऊलही चढावं लागत नाही, सगळं खिडकीतून. पॅनोरमिक एक्स्प्रेसला आरक्षण सक्तीचं आहे. साध्या गाडीला नाही, आणि तिच्या काही खिडक्या उघडतात. मी साधीच घेईन.

उतरायचं स्वित्झर्लंडमधल्या पोन्त्रेझिनाला, पाच रात्री. भारतातून येणारे ग्रुप तिकडे सहसा जात नाहीत. जवळच मुओत्तास मुराग्लची 1907 पासूनची फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने चढावर ओढली जाणारी रेल्वे, आहे, ती थेट 2,456 मीटरवर नेते आणि वर एंगादिन खोऱ्यातली तळी एका नजरेत दिसतात. मुलांचं सांगायचं तर स्विस ट्रॅव्हल पासवर आई-वडिलांसोबत 6 ते 15 वयाची मुलं फॅमिली कार्डाने फुकट फिरतात, आणि पास तिरानोपासूनच चालतो. परत जायला कूर शहरामार्गे झुरिक, विमान तिथूनच. रात्री मोजा: स्वित्झर्लंड नऊ, इटली सहा. फाइल ग्रुपबरोबरच राहिली.

तुमचं स्वतःचं मात्र वेगळं बघा. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी तुम्ही राहता त्या देशातून अर्ज करायचा.

----

नमस्कार,

मी या क्रमाशी सहमत नाही. टूरमध्ये रोज पहाटे उठून बॅग दाराबाहेर ठेवायची, दिवसभर बस, रात्री शहराबाहेरचं हॉटेल. बहात्तरीचा माणूस शेवटच्या दिवशी पार दमलेला असतो, आणि त्यानंतर तुम्ही त्याला तीन गाड्या बदलायला लावताय. एकत्र राहणं टूरच्या आधी ठेवा. पॅरिसमध्ये चार रात्री घ्या. लूव्ह्र मंगळवारी बंद असतं, तो दिवस टाळून निवांत बघा, मग त्यांना ग्रुपकडे सोपवा. विमानाला उशीर झाला तरी टूर चुकत नाही.

----

काका,

दमणुकीचं तुमचं म्हणणं खरं आहे, मी ते कमी धरलं होतं. तरीही मी ‘नंतर’च म्हणेन. आधी यायचं तर आई-बाबांना ग्रुपचं विमान सोडून एकट्याने यावं लागेल, इमिग्रेशनला टूर मॅनेजर सोबत नसेल. त्यांच्यासाठी सगळ्यात अवघड टप्पा तोच. परतताना लेक विमानतळावर असते, व्हीलचेअर सांगता येते. शिवाय टूरमध्ये त्यांना काय झेपलं, काय आवडलं, हे कळल्यावर पुढचे दिवस ठरवता येतात.

पण ताई, टूर संपल्या दिवशी निघू नका. रोममध्येच दोन रात्री थांबा, एक दिवस काहीही बघायचं नाही. वॉशिंग मशीन असलेलं घर घ्या, तोवर कपड्यांचा ढीग झालेला असतो. व्हॅटिकनची संग्रहालयं टूरमध्ये नसतील तर दुसऱ्या दिवशी तेवढीच. मात्र रविवार नको, महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर ती बंद असतात. मोठ्या बॅगा बसमध्ये चालतात, ट्रेनमध्ये आपल्यालाच उचलाव्या लागतात, म्हणून टूरवरच दोघांत एक मोठी बॅग आणायला सांगा. रोम आणि मिलान स्टेशनवर आईसाठी ‘साला ब्लू’ची, म्हणजे चालायला त्रास असलेल्या प्रवाशांसाठीच्या स्टेशनवरच्या सेवेची, मदत आधी नोंदवून ठेवा, व्हीलचेअर डब्यापर्यंत येते.

रोमच्या दोन रात्री कुठून काढायच्या, हे नीट बघा. व्हारेन्ना दोन आणि पोन्त्रेझिना चार केलं तर स्वित्झर्लंड आठ, इटली सात, फरक एकाच रात्रीचा. टूर कंपनीने एक हॉटेल सीमेपलीकडे हलवलं की उलटापालट होईल. त्यापेक्षा व्हारेन्ना एकच रात्र ठेवा, पोन्त्रेझिना पाच. कंपनीकडून प्रत्येक रात्रीचं गाव आणि देश लिहून घ्या, आणि तो कागद हातात आल्यावरच पैसे भरा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो, म्हणजे जूनसाठी डिसेंबरपासून.