नाटकांच्या हंगामात रात्रभर चालणारी, कोरियन धर्तीची डुकराच्या मटणाची खानावळ : मार्गदर्शन हवे

वडसेकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. देसाईगंज, म्हणजे आम्हा सगळ्यांचे वडसा, येथून जवळच्या एका गावात आमची जुनी खानावळ आहे. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, गावोगावी नाटके लागतात, आणि ती पहाटेपर्यंत चालतात, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहेच. मध्यरात्रीनंतर कलावंत, वादक, मंडपवाले आणि दूरच्या गावांहून आलेले प्रेक्षक या सर्वांना कडाडून भूक लागलेली असते, पण चहा, भजी आणि चिवडा यांपलीकडे त्यांना काही मिळत नाही. ही उणीव मला वर्षानुवर्षे जाणवत आली आहे.

माझा धाकटा मुलगा बेंगळुरूच्या एका उपाहारगृहात स्वयंपाकी होता. तिथे मुख्य पदार्थ डुकराच्या मटणाचे, पद्धत बरीचशी कोरियन, आणि खरी गर्दी रात्री अकरानंतर. आता तो घरी परतला आहे आणि आपल्या खानावळीत हंगामापुरते रात्री असेच काही सुरू करावे, असा त्याचा आग्रह आहे. प्रत्येक टेबलावर निखाऱ्यांची शेगडी ठेवावी आणि गिऱ्हाइकांनी मटणाचे पट्टे स्वतः भाजून खावेत, असे त्याच्या मनात आहे. मला त्याचा उत्साह मोडायचा नाही; पण आमचा गडचिरोली जिल्हा १९९३ पासून दारूबंदीचा आहे, गिऱ्हाईक शेतकरी आणि मजूर आहे, आणि मटण खात्रीचे कुठून आणावे हेही मला कळत नाही. कोरियात लोक रात्री खरोखर काय आणि कसे खातात, आणि त्यातले आपल्याकडे काय टिकेल, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

ब्रह्मपुरीकर यांचे उत्तर

वडसेकर काका, नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे दक्षिण कोरियात उल्सान आणि बुसान या बंदरांच्या शहरांत राहिलो, त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाबद्दल मी खात्रीने लिहू शकतो.

तुमचा मुलगा ज्याचे वर्णन करतो आहे तो प्रकार म्हणजे समग्योप्सल. डुकराच्या पोटाकडचे, चरबी आणि मांस यांचे थर असलेले जाड पट्टे मसाला न लावता टेबलावरच्या शेगडीवर टाकतात, खरपूस झाले की कात्रीने त्यांचे घासभर तुकडे करतात, आणि लेट्यूसच्या किंवा पेरिला नावाच्या सुगंधी वनस्पतीच्या पानात सामजांग नावाची आंबवलेल्या सोयाबीनची तिखट चटणी, लसणाची पाकळी आणि मटणाचा तुकडा गुंडाळून तो विडा एका घासात तोंडात घालतात. सोबत किमची, म्हणजे तिखट लावून आंबवलेली भाजी, असते. हे जेवण अप्रतिम असते, यात शंका नाही. पण ते संध्याकाळी सातच्या सुमारास सुरू होणारे, कार्यालयातल्या मंडळींचे, सोजू या मद्याच्या साथीने रंगणारे जेवण आहे, आणि मद्य काढून घेतले तर दोन-दोन तास टेबलाशी बसण्याचे कारणच उरत नाही. दारूबंदीच्या जिल्ह्यात, पहाटे दोन वाजता, पुढचा अंक सुरू व्हायच्या आत चार घास खाऊ पाहणाऱ्या माणसासमोर शेगडी ठेवणे मला योग्य वाटत नाही. शिवाय प्रत्येक शेगडीच्या डोक्यावर धूर ओढून घेणारी नळी लागते. ती नसेल तर चरबीच्या धुराने तुमची खानावळ अर्ध्या तासात रिकामी होईल.

रात्री उशिरा खाण्याची तिथली परंपरा मात्र वेगळी आणि फार मोठी आहे. १९४५ पासून १९८२ च्या जानेवारीपर्यंत दक्षिण कोरियाच्या बहुतेक भागात मध्यरात्र ते पहाटे चार अशी संचारबंदी होती. ती उठल्यावर रात्रभर उघडी राहणारी उपाहारगृहे झपाट्याने वाढली. सोया, आले आणि लसूण घालून मुरेपर्यंत शिजवलेले डुकराचे पाय, म्हणजे जोकबाल, आणि उकडून काप केलेले मटण, म्हणजे बोस्साम, हे तिथे रात्रीचे हक्काचे पदार्थ आहेत. परंतु तुमच्यासाठी मी ज्याची मनापासून शिफारस करीन तो पदार्थ बुसानचा आहे. त्याचे नाव द्वेजी-गुकबाप, आणि त्यात असते फक्त डुकराच्या हाडांचा रस्सा, उकडलेल्या मटणाचे काप आणि भात.

१९५० ते १९५३ च्या युद्धात लाखो निर्वासित बुसानमध्ये आले आणि हाताशी आलेल्या हाडांवर व स्वस्त मटणावर गुजराण करताना हा पदार्थ तिथे रुजला, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. आजही गोदीतले कामगार, टॅक्सीचालक आणि रात्रपाळीची माणसे मध्यरात्री हेच खातात. हाडे कित्येक तास उकळून रस्सा दुधासारखा पांढरट होतो. जुन्या धाटणीच्या दुकानात आचारी मातीच्या वाडग्यात निवालेला भात घेतो, त्यावर उकळता रस्सा ओततो, पळीने भात दाबून धरून तो रस्सा पुन्हा मोठ्या भांड्यात निथळतो, आणि भाताचे शीत न् शीत आतपर्यंत गरम होईपर्यंत हे करतच राहतो; मग मटणाचे पातळ काप मांडून, शेवटचा रस्सा घालून, वर कांद्याची पात पसरून वाडगा पुढे सरकवतो. रश्श्यात मीठ जवळजवळ नसतेच. मीठ, खारवलेली बारीक कोळंबी, तिखट आणि लसणीच्या पातीची कोशिंबीर टेबलावर असते, आणि प्रत्येकाने आपापल्या जिभेप्रमाणे ते घालून घ्यायचे असते.

काका, आपली झाडीपट्टी हा भाताचा मुलूख आहे. आपल्या माणसाला रात्री भात आणि गरम रस्सा हवा असतो, आणि कोरियातले हे जेवण नेमके तेच देते. दोन मिनिटांत वाढता येते, दहा मिनिटांत खाऊन होते, आणि त्याला दारूची गरज लागत नाही. मुलाला शेगडीचा आग्रह सोडायला सांगा. हाडांचा रस्सा उत्तम जमवणे हे त्याच्या कौशल्याला शोभेल असेच काम आहे.

पशुवैद्य (साकोली) यांचे उत्तर

वरील सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि त्याचे कारण आरोग्याचे आहे. टेबलावरच्या शेगडीत कच्चे मटण गिऱ्हाइकाच्या हातात जाते, मंद उजेडात ते शिजले की नाही हे त्याला नीट दिसत नाही, आणि ज्या चिमट्याने कच्चा पट्टा उचलला त्याच चिमट्याने तो शिजलेला तुकडा पानात घेतो. तासन्‌तास उकळणाऱ्या रश्श्यात हा धोका राहत नाही. मटणाचे मोठे तुकडे रश्श्यात उकडतानाही आतल्या गाभ्याचे तापमान ७१ अंश सेल्सिअसच्या वर गेले पाहिजे. खुपसून तापमान मोजायचा तापमापक स्वस्तात मिळतो, तो घ्याच.

डुकराच्या मटणाबाबत पट्टकृमीची भीती लोकांच्या मनात असते आणि ती निराधार नाही, पण तिचा मार्ग बहुतेकांना चुकीचा माहीत असतो. कृमीच्या गाठी असलेले अर्धवट शिजलेले मटण खाल्ले तर माणसाच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. मेंदूत गाठी होऊन फेफरे येण्याचा जो गंभीर आजार आहे तो मात्र या कृमीची अंडी पोटात गेल्याने होतो, आणि ती अंडी बाधित माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातांवाटे किंवा दूषित भाजीपाल्यावाटे येतात. म्हणून मटण शिजवणे जितके महत्त्वाचे, तितकेच स्वयंपाक्याचे आणि वाढप्याचे साबणाने धुतलेले हात, तसेच कोशिंबिरीची स्वच्छ धुतलेली पात महत्त्वाची आहे. पान आणि पात कच्चीच खाल्ली जाणार आहेत, हे विसरू नये.

मटण गावात मोकाट फिरणाऱ्या जनावरांचे घेऊ नका. बंदिस्त गोठ्यात, खाद्य घालून वाढवलेल्या लार्ज व्हाइट यॉर्कशायर किंवा तिच्या संकरित जातीच्या डुकरांचे मटण घ्या, आणि मालकाचा गोठा स्वतः जाऊन पाहा. नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारल्यास जवळच्या वराहपालकांची माहिती मिळू शकेल. कापलेल्या मटणात तांदळाच्या दाण्याएवढे पांढरट, पाणीदार फोड दिसले तर ते मटण पूर्णपणे नाकारावे. पिढ्यान्‌पिढ्या हा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबांना गावात जो तुसडेपणा सोसावा लागतो तो तुमच्या दारात तरी होऊ देऊ नका. ज्याला वेळेवर आणि रास्त पैसे मिळतात तोच पालक जनावराची नीट निगा राखतो.

आणखी दोन गोष्टी. तुमच्या भागात कोणीतरी रात्री येऊन रानडुकराचे मटण स्वस्तात देऊ करील. रानडुकरे धानाचे किती नुकसान करतात हे मी रोज पाहतो, तरीही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीवाचून त्यांची शिकार हा गुन्हा आहे आणि ते मटण कोणीही तपासलेले नसते, तेव्हा ते घेऊच नये. दुसरे म्हणजे, खानावळीतले उष्टे आणि हाडे डुकरांना खायला देऊ नका. आफ्रिकन स्वाइन फीवर हा रोग माणसाला होत नाही, पण डुकरांचे कळपच्या कळप मारतो. २०२० मध्ये तो भारतात प्रथम आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आढळला, आणि उष्ट्या मटणातून तो पसरतो.

भंडाऱ्याच्या ताई यांचे उत्तर

भाऊ, मी स्वतः खानावळ चालवते, म्हणून चुलीपाशी उभे राहून सुचलेल्या गोष्टी तेवढ्या लिहिते.

ब्रह्मपुरीकरांनी सांगितलेला बेमिठाचा, बेमसाल्याचा रस्सा आपल्याकडे जसाच्या तसा चालणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या मटणाच्या पंगतीत अळणी रस्सा लहान मुलांसाठी आणि आजाऱ्यांसाठी बाजूला काढतात. मोठ्या माणसापुढे तो ठेवला तर त्याला आपला पाहुणचार झाला असे वाटत नाही. पण म्हणून रश्श्यात सावजी मसाला ओतू नका, कारण मग कोरियन असे काही उरणार नाही आणि इतका वेळ उकळलेल्या हाडांची चवही मसाल्याखाली दडून जाईल. रश्श्यात बेताचे मीठ आधीच घाला आणि तिखटाचा सगळा खेळ टेबलावर ठेवा. तेलावर परतलेली लसूण-मिरची, हिरव्या मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा आणि लिंबू यांचे एक ताट प्रत्येक टेबलावर असू द्या. खारवलेल्या कोळंबीऐवजी भाजून कुटलेल्या सुकटीची चटणी चालेल, आणि ती आपल्या लोकांच्या ओळखीचीही आहे.

डुकराच्या हाडांना जो वास असतो त्याचा बंदोबस्त आधी करावा लागतो. हाडे थंड पाण्यात काही तास भिजत घालून, पाणी बदलत, रक्त उतरू द्यावे. मग मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, एक उकळी आणून ते पहिले पाणी फेकून द्यावे, हाडे आणि गंज दोन्ही घासून धुवावेत, आणि त्यानंतर नव्या पाण्यात आले, लसूण आणि अख्खा कांदा घालून उकळायला ठेवावे. रस्सा पांढरट व्हायला हवा असेल तर आच मंद करू नका, तो चांगला खळखळत राहिला पाहिजे; वर येणारी मळी मात्र सतत काढत राहावे.

नाटकांचा हंगाम आणि मुळ्याचा हंगाम एकच असतो, हे तुमच्या पथ्यावर पडेल. मुळ्याचे चौकोनी तुकडे मिठात ठेवून, पाणी काढून, लाल तिखट, लसूण, आले आणि थोडी साखर लावून बरणीत आंबवले की काक्दुगी तयार होते, आणि चरबीच्या मटणासोबत तिच्यासारखे दुसरे काही नाही. तिखट निव्वळ भिवापुरी मिरचीचे वापरू नका. कोरियन मिरची रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य असते, तेव्हा ब्याडगी जास्त आणि भिवापुरी थोडी असे मिश्रण करा.

शेवटचे म्हणजे, इथे डुकराचे मटण शिजते हे मोठ्या अक्षरांत दारावरच लिहा. अनेकांना ते धर्माने किंवा घरच्या रीतीने वर्ज्य असते, आणि अंधारात कोणी नकळत आत येऊन बसावा असे होता कामा नये. हंगामाच्या रात्री तरी कोंबडी-बकऱ्याचे पदार्थ त्याच भांड्यांत करू नका. बायका-मुलेही नाटकाला येतात, म्हणून उजेड भरपूर ठेवा आणि हात धुवायला गरम पाणी ठेवा.

वडसेकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलाने हे सगळे वाचले आणि शेगडीचा विचार तूर्त बाजूला ठेवायला तो तयार झाला आहे. एकच शंका उरली आहे. आमच्याकडे एचएमटी तांदूळ घरचा असतो, पण कोरियन तांदूळ आखूड आणि चिकट असतो असे मुलगा म्हणतो. मग एचएमटी चालेल का? आणि भात संध्याकाळीच करून ठेवला तर चालेल का?

ब्रह्मपुरीकर

काका, एचएमटी चालेल. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून वाढवलेले ते वाण आपल्या भागाचा अभिमान आहे, आणि या वाडग्यात ते असावे असे मला मनापासून वाटते. फक्त दाणा बारीक आणि मोकळा असल्यामुळे तो रश्श्यात लवकर फुलून विरघळू लागतो, म्हणून भात किंचित फडफडीत शिजवा आणि रस्सा वाढतेवेळीच घाला. खाणाऱ्याला भात निराळ्या वाटीत देऊन त्यालाच हवा तसा मिसळू दिला तरी उत्तम. बुसानमध्येही अनेक ठिकाणी तसेच देतात.

पशुवैद्य (साकोली)

संध्याकाळी केलेला भात झाकून तसाच ठेवू नका. कोमट भातात वाढणाऱ्या एका जिवाणूचे विष नंतर उकळता रस्सा ओतूनही नष्ट होत नाही आणि त्याने उलट्या होतात. दर दोन तासांनी लहान घाण्यात ताजा भात लावा, किंवा मोठा घाणा लावायचाच असेल तर तो वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर गरम राहील अशी सोय करा.

वडसेकर

लहान घाणे लावणेच आम्हाला सोयीचे पडेल. गोठा पाहायला पुढच्या आठवड्यात साकोलीकडे येतो आहे. डॉक्टरसाहेब, आपल्याला वेळ असेल तर दवाखान्यात येऊन भेटतो.