क्रॉप बॉडीवर ५० एमएम लावली तर मारबत फ्रेममध्ये मावतच नाही, काहून?

इतवारीवाला:
राजेहो, एक गोष्ट डोक्यात बसून नाही राहिली. माझी निकॉनची डीएक्स, म्हणजे छोट्या सेन्सरवाली क्रॉप बॉडी आहे, त्यावर ५० एमएम एफ १.८ लावून मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी नागपूरच्या इतवारीत गेलो, गल्लीत मागे सरकायला इंचभर जागा नाही अन् पिवळी मारबत, म्हणजे मिरवणुकीतला तो मोठा पुतळा, समोर आली तर एकतर डोकं येते नाहीतर हात. मित्र बाजूलाच उभा, त्याचीही ५० च, पण बॉडी फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरवाली, त्याच्या फोटोत कितीतरी जास्त आलं. दुकानात म्हणे क्रॉपवर दीडनं गुणायचं, ५० ची लेन्स ७५ होते. लेन्स कशी वाढंल? अन् डीएक्सचीच लेन्स घेतली तर दीडनं गुणायचं काम नाही ना?

जुनाकॅमेरा:
लेन्स ५० चीच राहते भाऊ. ती मागे एक गोल चित्र टाकते, त्यातला केवढा तुकडा सेन्सर उचलतो तेवढाच फरक. फुल फ्रेम ३६ बाय २४ मिलीमीटर, तुझा साधारण २३.५ बाय १५.६. सेन्सरची बाजू भागिले फोकल लेंथ (लेन्सवरचा एमएमचा आकडा), गुणिले अंतर, एवढाच हिशोब. कॅमेरा उभा धरून ४ मीटरवरून मित्राला जवळपास २.९ मीटर उंची मिळाली, तुला १.९, म्हणजे जेमतेम एक माणूस, तिथं मारबत कुठून मावंल! ७५ म्हणजे फुल फ्रेमवर ७५ लावली असती तर एवढंच दिसलं असतं, बस. आणि डीएक्स लेन्सवर छापलेला आकडाही खरी फोकल लेंथच असते, फुल फ्रेमशी तुलना करायची तर तिलाही दीडनं गुणायचं. इथं लई लोक चुकतात. कॅननच्या क्रॉपला दीडऐवजी १.६.

फुटाळाकाठ:
बॉडीसोबत येते ती किट लेन्स असंल ना, १८-५५ झूम? ती ५० वर ठेव, एक फोटो काढ, मग तिथूनच तुझ्या ५० च्या प्राइमनं (झूम नसलेल्या लेन्सनं) काढ.

इतवारीवाला:
आत्ताच गच्चीवरून काढले, दोन्ही फोटो जवळपास सारखेच! किट डीएक्सची अन् प्राइम फुल फ्रेमवाली, तरी. आता समजलं. म्हणजे पुढच्या वर्षी १८ च लावतो, ४ मीटरवरून ५.२ मीटर येते ना?

जुनाकॅमेरा:
हो. फक्त कडेला जवळची माणसं ठेवू नको, १८ वर कोपऱ्यातले चेहरे ताणल्यासारखे दिसतात, लहान पोरं तर नाहीच. अन् जमलं तर नेहरू पुतळ्यापाशी काळी अन् पिवळी मारबत भेटतात तिथं लवकर जाऊन एखादी गॅलरी धर.