अनुभव धागा : खेळाडूंच्या सकाळीतून आपण काय उचलले?

अव्वल खेळाडूंच्या दिनचर्येविषयी जे लिहिले जाते, त्यात पहाटे चारच्या गजराचे कौतुक फार असते आणि गजरानंतर ते नेमके काय करतात याचा तपशील कमी. अमेरिकन बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट पहाटे चार वाजता सरावाला उतरत असे, ही गोष्ट खरी आहे. परंतु पणजीतील कचेरी सुटल्यावर कदंबच्या बसने वाळपईला परतणाऱ्या आणि जेवण आटोपेपर्यंत साडेदहा वाजणाऱ्या माणसाला तिचा काही उपयोग नाही. म्हणून अनुभव मागवताना अट घातली होती, की ज्या सवयीला पैसा, प्रशिक्षक किंवा मैदान लागत नाही आणि जी लिहिणाऱ्याने स्वतःच्या अंगवळणी पाडली आहे, तिच्याविषयीच लिहावे. आलेल्यांपैकी काही अनुभव पुढे देत आहे.

म्हापसा, निवृत्त बँक कर्मचारी

लांब पल्ल्याचे धावपटू आणि सायकलपटू सकाळी अंथरूण सोडण्यापूर्वी नाडी मोजतात. मुरलेल्या धावपटूची विश्रांतीतील नाडी मिनिटाला चाळीसच्या आसपास असू शकते, आपल्यासारख्या प्रौढांची साधारणपणे ६० ते १०० च्या दरम्यान असते. पण आकडा किती आहे यापेक्षा तो आपल्या नेहमीच्या आकड्याहून किती चढला आहे, हे पाहायचे असते. झोप अपुरी झाली असेल, अंगात ताप शिरू पाहत असेल किंवा आदल्या दिवशी झेपेल त्याहून अधिक श्रम झाले असतील, तर नाडी वर जाते आणि खेळाडू त्या दिवशीचा सराव हलका करतात.

मी उशाशी कॅलेंडर आणि पेन्सिल ठेवली आहे. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी तर्जनी आणि मधले बोट टेकवायचे (मोजण्यासाठी अंगठा वापरू नये, त्याचा स्वतःचाच ठोका जाणवतो आणि मोजणी फसते), तीस सेकंद मोजून दुप्पट करायची आणि तारखेच्या चौकटीत आकडा लिहायचा, एवढेच काम आहे. बोडगेश्वराच्या जत्रेत उशिरापर्यंत फिरल्यानंतरच्या सकाळी माझा आकडा हमखास चढलेला असतो. त्या दिवशी मी बाजारापर्यंतच जाऊन येतो. मुलाच्या हातातील घड्याळ हे सगळे आपोआप मोजते, तरी मला माझी पेन्सिल बरी वाटते.

फोंडा, हौशी नाट्यकलावंत

अमेरिकन जलतरणपटू मायकल फेल्प्सला त्याचे प्रशिक्षक बॉब बोमन यांनी लहान वयातच एक सवय लावली होती. रात्री झोपताना आणि सकाळी जाग आल्यावर संपूर्ण शर्यत, पहिल्या उडीपासून भिंतीला हात टेकेपर्यंत, मनात पोहून पाहायची आणि तीत काय काय बिघडू शकेल तेही पाहायचे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत त्याच्या गॉगलमध्ये पाणी भरले आणि पुढचे दिसेनासे झाले, तेव्हा हातांचे फटके मोजत त्याने १ मिनिट ५२.०३ सेकंदांत विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवले.

आमच्या गावच्या देवळातील उत्सवात मराठी नाटक होते. तालमींना सगळे नट एका वेळी सापडणे कठीण आणि रंगमंच प्रत्यक्ष हाती येतो तो प्रयोगाच्या दिवशीच. त्या सकाळी जाग आली की डोळे न उघडता मी माझ्या प्रत्येक प्रवेशाची वाट चालून घेतो: कोणत्या विंगेतून यायचे, हातात काय असेल, समोर कोण उभे असेल. मग मुद्दाम वीज घालवतो, तलवार म्यानात अडकवतो, समोरच्याला संवाद विसरायला लावतो. मागच्या उत्सवात समोरच्या नटाने खरोखरच दीड पान गाळले आणि प्रॉम्प्टर पाने चाळत राहिला, तेव्हा पुढचे वाक्य कोठून उचलायचे हे माझ्या मनात तयार होते. या सगळ्याला दहा मिनिटे पुरतात. फेल्प्सचे पोहण्याचे किलोमीटर आणि त्याचा आहार मी अर्थातच त्याच्याकडेच ठेवला आहे.

सत्तरी, काजू बागायतदार

काजूच्या हंगामात उजाडताच बोंडू (काजूची फळे) वेचायला डोंगर चढावा लागतो, आणि ते काम म्हणजे सतत कमरेतून वाकणे. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधील चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात; त्यामुळेच सकाळी माणसाची उंची संध्याकाळपेक्षा एक-दोन सेंटीमीटर अधिक भरते, आणि त्यामुळेच उठल्यानंतरच्या पहिल्या तासात पूर्ण वाकल्यास पाठीवर अधिक ताण येतो. वजन उचलणारे खेळाडू अंग मोकळे केल्याशिवाय जड वजनाला हात घालत नाहीत. मीही आता आधी वरच्या टोकापर्यंत चालून घेतो, वाटेत खुबे आणि गुडघे सैल करतो, आणि सुरुवातीचा वेळ टोकाला खिळा लावलेल्या काठीने उभ्याउभ्या बोंडू उचलतो. वेचणी थोडी उशिरा संपते, पण दुपारी पाठ धरत नाही.

वेर्णा, औषध कारखान्यातील कामगार

वरील सर्वांनी सकाळ म्हणजे सूर्योदय असे गृहीत धरले आहे, त्याला माझी हरकत आहे. माझी रात्रपाळी सुटते तेव्हा पोदेर पाव घेऊन दारोदार फिरत असतो आणि माझी झोपण्याची वेळ झालेली असते. टेनिसपटू रॉजर फेडरर रोज दहा तासांहून अधिक झोप घेत असे, हे पुष्कळदा छापून आले आहे. मी खेळाडूंकडून जे घेतले ते हेच, की झोप हा सरावाचाच भाग समजायचा. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचे घड्याळ दिवस सुरू झाल्याची खूण घेते, म्हणून कंपनीच्या बसमध्ये मी काळा चष्मा लावतो, घरी पोहोचल्यावर जाड पडदे ओढतो आणि फोन स्वयंपाकघरात ठेवतो. दुपारी उठल्यावर मात्र आधी अंगणातील उन्हात जाऊन बसतो. स्वतः दुचाकी चालवत घरी जाणाऱ्यांनी चष्म्याचा प्रयोग करू नये, कारण डुलकीचा धोका वाढतो.

ताळगाव, हौशी धावपटू

केनियाचा धावपटू एलिउड किपचोगे याने २०१९ मध्ये व्हिएन्नात मॅरेथॉनचे अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत कापले. केनियातील काप्तागात येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० मीटर उंचीवर, त्याचा गट सकाळी सहाच्या सुमारास धावायला निघतो. निघताना त्यांची गती इतकी मंद असते की आपल्या मिरामारच्या किनाऱ्यावर फेरफटका मारणारेही बरोबरीने जातील. मी हीच सुरुवात घेतली आहे: पहिली पंधरा मिनिटे शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल इतक्याच वेगाने धावतो. किपचोगे २००३ पासून सरावाची वही लिहीत आला आहे; माझ्याही वहीत अंतराखाली वजनाचा रकाना आहे, कारण आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि किती पाणी गेले याचा अंदाज येत नाही. धावण्याआधी व नंतर वजन केले, तर एक किलोचा फरक म्हणजे जवळजवळ एक लिटर घाम, हा सरळ हिशेब आहे. मेमध्ये माझे आकडे पाहून पत्नीने बाटलीबरोबर मिठाची पुडीही द्यायला सुरुवात केली.

सहाचा आग्रह मात्र मी सोडला. विषुववृत्तालगतच्या केनियात सूर्य वर्षभर जवळजवळ एकाच वेळी उगवतो. गोव्यात जानेवारीत सात वाजून जातात आणि दोनापावलाच्या रस्त्यावर अंधारात धावणे शहाणपणाचे नाही.

पेडणे, गृहिणी

रिओ ऑलिम्पिकपूर्वी प्रशिक्षक गोपीचंद यांनी बॅडमिंटनपटू सिंधूचा फोन तीन महिने काढून घेतला होता. आमच्याकडे मुलगा फुटबॉलच्या सरावाहून परत येईपर्यंत कोणीच फोन उघडत नाही, आणि त्याचे बूट, मोजे व पाण्याची बाटली आदल्या रात्रीच दाराशी असते. सकाळची आरडाओरड यामुळे पुष्कळ कमी झाली.

डिचोली, शिक्षिका

म्हापशाच्या भाईंना विचारायचे आहे, की रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्यांनी नाडीचा हा आकडा कसा वाचावा?

म्हापसा, निवृत्त बँक कर्मचारी

बाई, रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा-ब्लॉकर, नाडी मुळातच मंद ठेवतात. त्यामुळे ६० ते १०० ही पट्टी तुम्हाला लागू पडेलच असे नाही. गोळी व तिची मात्रा बदललेली नसताना पंधरवडाभर रोज मोजून जो आकडा वारंवार येतो, तोच आपला मानावा आणि तुलना त्याच्याशीच करावी. ठोके मध्येच चुकत आहेत असे बोटाला वाटले, तर कॅलेंडरचे ते पान घेऊन डॉक्टरांकडे जावे. आमच्या डॉक्टरांनी माझे पान दोन मिनिटे निरखून पाहिले आणि मगच स्टेथोस्कोप उचलला.