विषय: चर्चच्या गटाबरोबर केंटकीत घरदुरुस्ती – मुलाला पाठवावं का?

नमस्कार मंडळी,

आमचा धाकटा इथे अमेरिकेत अकरावीत आहे. त्याच्या मित्राच्या मेथडिस्ट पंथाच्या चर्चमधली मुलं जुलैत आठवडाभर 'मिशन ट्रिप'वर पूर्व केंटकीला जाणार आहेत, ॲपलेशिया सर्व्हिस प्रोजेक्ट या संस्थेच्या कामावर. गरीब कुटुंबांची घरं दुरुस्त करायची, रात्री शाळेत जमिनीवर झोपायचं आणि फी आपणच भरायची. त्यालाही बोलावलंय आणि तो हट्टाला पेटलाय. आमच्या घरात मात्र दोन तट पडलेत. आपल्यापैकी कुणी गेलंय का?

– ढोलपथकातले बाबा

*

स. न. वि. वि.

'मिशन' शब्द ऐकला की माझ्या मनात शंका येते, हे लपवत नाही. भुकेल्याला भाकरी देताना त्याचा देव कोणता हे विचारू नये. आणि सेवाच करायची तर आपल्याकडे गावं कमी आहेत का? तरुणपणी मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला बाबा आमट्यांच्या श्रमसंस्कार छावणीत गेलो होतो. मुलाला तिकडे पाठवा. आणखी एक. एवढी फी भरून कोवळी पोरं पाठवण्यापेक्षा तेच पैसे तिथल्या सुताराला दिले तर काम चांगलं होणार नाही का?

– ज्येष्ठांच्या कट्ट्यावरचे काका

*

काका, बाबा आणि सगळेच,

२०२३ आणि २०२४ च्या उन्हाळ्यात लेकीच्या गटाबरोबर मी याच कामावर गेले होते. चर्च शेजारणीचं, आमचं नाही. जरा सविस्तरच लिहिते.

आधी जागेबद्दल, कारण 'अमेरिकेत कसली आलीय गरिबी' असं मला माझ्या घरातच ऐकावं लागलं होतं. पूर्व केंटकी म्हणजे डोंगर आणि अरुंद दऱ्या. दरीला तिथली माणसं 'हॉलर' म्हणतात. सपाट जमीन असते ती ओढ्याकाठी, म्हणून घरंही तिथेच. जुलै २०२२ च्या पुरात तीच वाहून गेली. डोंगराच्या पोटात कोळसा. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दलालांनी शेतकऱ्यांकडून जमिनीखालच्या खनिजाचे हक्क किरकोळ पैशांत लिहून घेतले. वरची जमीन शेतकऱ्याची, खालचा कोळसा कंपनीचा, आणि तो काढायला वरचं शेत उकरायचीही तिला मुभा. केंटकीच्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून याला आळा घातला तो थेट १९८८ साली. त्याआधी, १९६४ मध्ये, अध्यक्ष जॉन्सन तिथल्याच मार्टिन काउंटीत एका कुटुंबाच्या ओसरीवर बसून गरिबी हटवण्याबद्दल बोलून गेले होते. पुढे खाणींतल्या नोकऱ्या आटल्या आणि खाणीत छाती गमावलेली माणसं मागे राहिली.

ही संस्था १९६९ ची, टेक्स इव्हान्स या मेथडिस्ट पाद्रींनी सुरू केलेली. पहिल्या उन्हाळ्यात पन्नास जण आले आणि चार घरं दुरुस्त झाली. घर अधिक उबदार, सुरक्षित आणि कोरडं करायचं, एवढंच काम.

आमच्या गटात पाच मुलं आणि दोघं मोठी. पहिल्या वर्षी ज्या घरी गेलो तिथले आजोबा खाणकामगार होते. कोळशाच्या धुळीने फुप्फुसं काळी पडलेली, नाकात ऑक्सिजनची नळी. आजी चाकाच्या खुर्चीत. दाराला लाकडी पायऱ्या, त्याही कुजलेल्या, त्यामुळे आजी कित्येक महिन्यांत अंगणात आल्या नव्हत्या. आम्हाला त्यांच्यासाठी उतार बांधायचा होता. नियम असा की एक इंच चढायला एक फूट लांबी हवी. उंबरा जमिनीपासून तीस इंच वर, म्हणजे तीस फुटांचा उतार! अंगणात तेवढी जागा नव्हती, म्हणून मध्ये चौथरा करून वळवायचा ठरलं.

दोन दिवस खांबांसाठी खड्डे खणण्यात गेले. चिकणमाती आणि दगड, मुलांच्या तळहातांना फोड आले. बुधवारी खांब उभे केले आणि आम्ही खुशीत. आजोबा सिलिंडर ओढत दारात आले, काही न बोलता मुलाच्या हातातली पाणसळ घेतली आणि आडव्या फळीवर ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला. आम्ही प्रत्येक खांबाचं माप जमिनीपासून घेतलं होतं आणि जमीनच वाकडी होती. त्यांनी उंबऱ्यापासून लांबच्या खुंटीपर्यंत दोरी ताणायला लावली. म्हणाले, माप जमिनीपासून नाही, या दोरीपासून घ्या. दोन खांब उपटून पुन्हा गाडले, अर्धा दिवस गेला. मग कळलं की ते घर त्यांनीच बांधलेलं, एकेक फळी स्वतः कापून. हुन्नर सगळा शाबूत होता. दम तेवढा उरला नव्हता. उरलेले दिवस ते खुर्ची टाकून बसले, आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय आमची मुलं करवत लावेनात. त्या घराचा मालक कोण याचा आम्हाला दोन दिवस विसर पडला होता, याची मला आजही लाज वाटते.

काका, तुमच्या शंकेकडे येते. रोज संध्याकाळी सगळे गट जमायचे, प्रार्थना आणि गाणी व्हायची. मी आणि लेक शांत बसून ऐकायचो, कुणी कधी टोकलं नाही. घरच्यांना कुठल्या चर्चला जाता हे विचारलेलंही मी ऐकलं नाही. माणूस जसा आहे तसा स्वीकारायचा, हे तिथे सुरुवातीलाच सांगतात. शिवाय तिथली बहुतेक माणसं मुळात ख्रिस्तीच आहेत. पण सगळी मिशनं अशी नसतात. जिथे आधी प्रार्थना आणि मग धान्य, तिथे मी माझ्या मुलीला पाठवणार नाही, यात मी तुमच्याच बाजूची. माझ्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात झालं, डॉ. वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या. आजीची पंढरीची वारी शेवटपर्यंत चुकली नाही, आणि हॉस्पिटलचं नावही ती हात जोडूनच घ्यायची.

सुताराचा प्रश्न मलाही छळतो. आमचं आठवड्याचं काम चांगल्या सुताराने दोन दिवसांत उरकलं असतं. पण गेलोच नसतो तर ते पैसे आम्ही तिकडे पाठवले असते का? माझ्यापुरतं उत्तर 'नाही' असं आहे. परत आल्यापासून मात्र आम्ही दरवर्षी चेक पाठवतो, आमच्या गटातली आणखी दोन कुटुंबंही. आणि सोमनाथला मुलाला जरूर पाठवा. पण हा मुलगा इथे जन्मला, केंटकीचे डोंगर त्याच्या देशातले आहेत. ते त्याला माहीत असायला हवेत.

बाबा, मुलाला एक गोष्ट निक्षून सांगा. दुसऱ्या वर्षी आमच्याच गटातल्या एकाने स्वयंपाकघरातल्या खचलेल्या जमिनीचा फोटो काढून ऑनलाइन टाकला. त्या घरातल्या नातीच्या शाळेतल्या मुलांमध्ये तो फिरला. दुसऱ्या दिवशी ती खोलीबाहेर आली नाही. त्या मुलाने फोटो डिलीट केला, बंद दाराबाहेर उभं राहून माफी मागितली. दार उघडलं नाही. फोन बॅगेत राहू द्या.

जेवणाचं आधी कळवा, शाकाहारी मिळतं. पहिल्या वर्षीच्या त्या खुर्चीतल्या आजींनी शेवटच्या दिवशी पिंटो बीन्सची पातळ उसळ केली होती. एरवी त्यात डुकराचं मांस घालतात, पण आमच्यासाठी वेगळं पातेलं चढवलं होतं. सोबत मक्याचा खरपूस ब्रेड आणि कच्चा कांदा. आजी उतारावरून स्वतः खुर्ची ढकलत खाली आल्या आणि अंगणात आमच्याबरोबर जेवल्या.

– ग्रंथालय समितीची ताई

*

ताई, मनापासून आभार. त्याची आई तयार झाली, नाव नोंदवतोय. पण त्याने आजवर भिंतीत एक खिळासुद्धा ठोकलेला नाही. काय शिकवून पाठवू?

– बाबा

*

शनिवारी दहाला आमच्या गॅरेजमध्ये पाठवा. फळ्या उरल्या आहेत, करवत आणि ड्रिल आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का तेवढं बघा, आणि जाड तळाचे बूट घ्या. काका, तुमची सगळी नोकरी बांधकामावर गेली. येता का?

– ताई

*

येतो. मिशनबद्दल माझं मत अजून बदललेलं नाही. ओळंबा माझा घेऊन येतो, दोरी तुम्ही ठेवा.

– काका