घर घेताना शाळेचं रेटिंग किती मानायचं?

ओसरी
आम्ही अमेरिकेत पहिलंच घर घेतोय. मुलगी यंदा पहिलीत जाईल, धाकटा तीन वर्षांचा. इथे घराच्या पत्त्यावरून मुलांची सार्वजनिक शाळा ठरते. बघून बघून दोन घरं उरली आहेत. एकाची प्राथमिक शाळा दहापैकी नऊ रेटिंगची, पण घर जुनं, लहान आणि हप्ता ऐपतीच्या अगदी काठावर. दुसऱ्याची शाळा सहाची, घर ऐसपैस, ऑफिस पंधरा मिनिटांवर. नवरा म्हणतो, मुलांच्या शिक्षणात काटकसर नको. माझं म्हणणं, रेटिंग म्हणजे शिक्षण नव्हे.

गेल्या आठवड्यात दोन्ही शाळा बघून आले. सहावाल्या शाळेत दुसरीच्या वर्गाबाहेर मुलांचं लिखाण लावलं होतं. आधी कच्चा कागद, त्यावर बाईंनी पेन्सिलनं विचारलेले प्रश्न ("कुत्रा पळाला तेव्हा तू काय केलंस?"), आणि खाली मुलानं पुन्हा लिहिलेली गोष्ट. नऊवाल्या शाळेत दारातच ढाली आणि निकालाचा फलक. मला ती पेन्सिल विसरता येत नाही. तुम्ही काय केलं असतं?

दोन मुलींचा बाबा
ताई, एका भिंतीवरून घर ठरवू नका. घर पुढे विकायचंही असतं. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या घरांचा अभ्यास मांडला. शाळेच्या हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची घरं त्यांनी घेतली, म्हणजे वस्ती तीच, शाळा तेवढी वेगळी. परीक्षेचे गुण पाच टक्क्यांनी जास्त असतील तर लोक घराला सुमारे अडीच टक्के जास्त मोजत होते. आमचं पहिलं घर विकताना जी कुटुंबं बघायला आली, त्यांचा पहिला प्रश्न शाळेचाच होता. शिवाय संगत. अभ्यासाला बसणारी मुलं आजूबाजूला असली की आपलंही मूल बसतं, हे मी घरात रोज बघतो.

खडूफळा
अडीच टक्के हा आईबापांनी मोजलेला भाव झाला. मूल किती शिकलं, ते त्यात कुठे आलं?

मी चौदा वर्षं सार्वजनिक शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. गुणांमधला फरक घरच्या परिस्थितीशी फार घट्ट बांधलेला असतो, हे १९६६ च्या कोलमन अहवालापासून, म्हणजे अमेरिकी शाळांच्या त्या मोठ्या सरकारी पाहणीपासून, पुढे येत आलंय. सुखवस्तू घरातलं मूल वाचता येऊनच शाळेत येतं, आणि त्याचं श्रेय शाळेच्या आकड्याला मिळतं. माझ्या वर्गात सप्टेंबरमध्ये पहिलीच्या पातळीचं वाचणारी मुलं येतात. जूनपर्यंत त्यातली काही दोन इयत्ता वर चढतात, तरी परीक्षेत 'पातळीखाली'च दिसतात. ही वर्षभराची चढण, ज्याला 'ग्रोथ' म्हणतात, ती बघा. शाळांना दहापैकी रेटिंग देणाऱ्या ग्रेटस्कूल्स या संकेतस्थळानं २०२० मध्ये रेटिंगची पद्धत बदलून तिला जास्त वजन दिलं. एकूण आकड्याच्या आत तो भाग वेगळा दिसतो, तो उघडून वाचा. आणि मुख्याध्यापकांना विचारा, गेल्या तीन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले. उत्तर देताना त्या अडखळतात का, तेही बघा.

दोन मुलींचा बाबा
बाई, तुमच्या कामाबद्दल आदरच आहे. पण पैशाचं काय? शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून निघतो. रॉड्रिगेझ खटल्यात १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ही पद्धत ५ विरुद्ध ४ मतांनी ग्राह्य धरली. त्यामुळे कुठल्या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे शाळांचा कारभार बघणाऱ्या विभागात, राहता यावर हायस्कूलात प्रयोगशाळा कशी, वाद्यवृंद आहे का, वरच्या पातळीचं गणित मिळतं का, हे ठरतं.

खडूफळा
ते खरंच आहे. म्हणून तर विचारते ओसरीताई, दोन्ही घरं एकाच डिस्ट्रिक्टमध्ये आहेत का?

ओसरी
हो, एकाच. हायस्कूलही एकच.

दोन मुलींचा बाबा
हे आधी सांगायचं ना! मग हायस्कूलचा माझा मुद्दा इथे लागू नाही. विक्रीचा मात्र अजून आहे.

नदीकाठ
विक्रीच्या भरवशावर हद्दीचं घर घेणाऱ्यांनी आमचं ऐका. आम्ही ऐपतीबाहेर जाऊन 'नऊ'च्या हद्दीत घर घेतलं. चौथ्या वर्षी नवी शाळा झाली, हद्दी नव्यानं आखल्या आणि आमची गल्ली दुसरीकडे गेली. हप्ता तोच राहिला. जाहिरातीत लिहिलेली शाळा धरून चालू नका, डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात पत्ता देऊन खात्री करा. एजंट शाळेबद्दल मत देणार नाही. घराच्या व्यवहारात भेदभावाला बंदी घालणाऱ्या १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यामुळे ते जपून बोलतात.

आणखी एक, जे मला आजही लागतं. मुलाला बोलायला त्रास होता. अशा मुलाला शाळेनं मदत द्यायलाच हवी, असा कायदा १९७५ पासून आहे. 'नऊ'च्या शाळेत स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून एकच दिवस यायची. नव्या, कमी रेटिंगच्या शाळेत ती पूर्णवेळ होती. तिनं माझ्या मुलाला 'र' म्हणायला शिकवलं. घर घेताना हा प्रश्न कुणालाच विचारायचं आम्हाला सुचलं नव्हतं.

ओसरी
नदीकाठ, वाचून लगेच डिस्ट्रिक्टला फोन केला. 'नऊ'वाल्या घराची गल्ली हद्दीच्या कडेलाच आहे, आणि दोन वर्षांत फेरआखणीचा विचार आहे म्हणाले. शिक्षक सोडून जाण्याचा प्रश्न दोन्ही मुख्याध्यापकांना लिहून पाठवलाय. गुरुवारी नवरा सहावाली शाळा बघायला येतोय. दुसरीच्या वर्गाबाहेर त्याला थोडा वेळ एकटं उभं राहू देणार आहे.