पिंजऱ्यातलं घुबड सोडून का देत नाहीत?

निसर्ग केंद्रात (जिथं जखमी प्राण्यांवर उपचार होतात आणि लोकांना ते बघता येतात) बरे झालेले प्राणी ठेवून घेण्यापेक्षा सोडून का देत नाहीत, असं बरेच जण विचारतात. सोडण्याजोगे असतात ते सोडलेच जातात (निदान जिथं काम नीट चालतं तिथं). मागे उरतात ते पंख कायमचा मोडलेले, डोळा गेलेले, नाहीतर पिल्लू असताना कुणी हौसेनं वाढवलेले. हा शेवटचा प्रकार मला सगळ्यात वाईट वाटतो. अंगावर एक ओरखडा नसतो, पण घुबडाचं पिल्लू माणसालाच आपल्या जातीचं समजू लागलं की पुढे ते जोडीदारही नीट ओळखत नाही.

मुलं घुबडाची मान बघून हरखतात. डोळे खोबणीत घट्ट बसलेले, फिरत नाहीत, म्हणून मानच साधारण २७० अंश वळते. तिच्या मानेत मणके १४, आपल्या मानेत ७. हे सगळं पुस्तकातही मिळतं म्हणा. पण “हे परत का उडणार नाही?” हा प्रश्न पिंजऱ्यासमोरच सुचतो.

मुलांना शिकवायला त्याहून कामाचं म्हणजे केंद्रातल्या टाकीतलं लाल कानाचं कासव (पाळायला विकलं जाणारं परदेशी कासव). दुकानातून आणताना नाण्यापेक्षा थोडंसंच मोठं असतं, मग ताटाएवढं होतं आणि ३० वर्षंही जगतं. कंटाळून लोक ते तळ्यात सोडतात, तिथं ते स्थानिक कासवांच्या खाण्यावर आणि उन्हाला बसायच्या जागांवर हक्क सांगतं. ही टाकी बघून पालकच गप्प होतात.

प्राणी हातात देऊन फोटो काढू देणाऱ्या केंद्रांबद्दल कुणाला राग येत असेल, तर तो मात्र अगदी रास्त आहे.